परातीतले सोने

निवृत्त झालेल्या माणसाने काय करू नये याची एक छापील यादी पेन्शनच्या कागदांबरोबरच मिळायला हवी. माझ्या मते तिच्यात पहिल्या क्रमांकावर होमिओपॅथी असावी, दुसऱ्यावर सोसायटीचे सेक्रेटरीपद आणि तिसऱ्यावर नातवंडांच्या मोबाइलमध्ये डोकावणे. पहिल्या दोन गोष्टी मी करून चुकलो होतो. माझ्या होमिओपॅथीने कुणी बरे झाले नाही, पण कुणी बिघडलेही नाही. सेक्रेटरीपदाने मात्र पाण्याच्या टाकीवरून तीन बिऱ्हाडांशी बोलणे तुटले. तिसरी गोष्ट तेवढी राहिली होती. ती २०२५ च्या एप्रिलमध्ये माझ्या हातून घडली.

सुट्टीला आलेली नात पलंगावर पालथी पडून मोबाइल बघत होती. मी चष्मा शोधायच्या निमित्ताने वाकलो. पडद्यावर एक दाढीवाला अमेरिकन गृहस्थ कुठल्याशा निर्जन ओढ्यात उकिडवा बसला होता. हातात परातीसारखे काहीतरी. त्यात तो वाळू घेई, पाणी घेई, गोल गोल फिरवी आणि वरचे वर सांडून देई. असे पाच-सात वेळा झाल्यावर परातीच्या काठाशी चार पिवळे ठिपके उरले, आणि मुलीचे लग्न ठरल्यासारखा त्याचा चेहरा उजळला.

"काय करतोय गं हा?"

"सोनं काढतोय, आजोबा."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. ओढ्यातलं."

"आणि तलाठी काही म्हणत नाही?"

नातीला तलाठी म्हणजे काय ते ठाऊक नव्हते आणि मला अमेरिकेत तलाठी नसतो हे ठाऊक नव्हते. तिने मोबाइलमध्येच शोधून सांगितले की तिकडे सरकारी मालकीच्या कितीतरी जमिनींवर, ओढ्याकाठी बसून हौसेखातर परातभर वाळू धुवायला सहसा कुणी हरकत घेत नाही. लोक रविवारी डबा घेऊन जातात, दिवसभर कंबर मोडून घेतात आणि संध्याकाळी डोळ्यांत घातले तरी खुपणार नाही एवढे सोने बाटलीत भरून घरी येतात. आपल्याकडे रविवारी लोक पत्ते खेळतात. त्यातही कंबर मोडते, आणि जे काही थोडे जवळ असते तेही जाते.

नेमके त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आले की सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा आकडा गाठला. मी पेन्सिल काढली. मला साडेसेहेचाळीस ग्रॅम सोने हवे होते. साडेसेहेचाळीसच का, ते योग्य वेळी सांगतो. दिवसाला एक दशांश ग्रॅम मिळाले असे धरले, तर चारशे पासष्ट दिवस. नोकरीत असतो तर फक्त रविवार हाती लागले असते आणि नऊ वर्षे गेली असती. पण निवृत्त माणसाला सातही वार रविवारच. म्हणजे साडेपंधरा महिन्यांचा प्रश्न. बदलापुराला लागून बारमाही उल्हास नदी आहे. इतर नद्या उन्हाळ्यात मान टाकतात, पण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेले पाणी हिच्यात येते, त्यामुळे ही एप्रिल-मेमध्येही वाहत असते. वाळू फुकट, पाणी फुकट, मी फुकट. उणीव होती ती फक्त त्या परातीची.

अमेरिकन वस्तू हवी असली की आमच्या भागातला माणूस दोन स्टेशने मागे उल्हासनगरला जातो. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सगळे मागे टाकून आलेल्या माणसांनी त्या बराकींतून एक बाजारपेठ उभी केली. पत्ते आजही कॅम्प एक ते पाच असेच सांगतात. आमच्या तरुणपणी तिथल्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असे छापलेले असे आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आहे, हा विनोद लोकलच्या प्रत्येक डब्यात रोज एकदा तरी व्हायचा.

एका दुकानात शिरून मी 'गोल्ड पॅन' मागितले.

"मिलेगा ना, साईं. मेड इन यूएसए."

"कौनसा यूएसए?"

"जो आपको चाहिये."

आणि त्याने सोनेरी रंगाचा, काचेच्या झाकणाचा नॉनस्टिक तवा माझ्यापुढे ठेवला. मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत नदी, वाळू आणि सोने समजावून सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साईं, सोना निकला तो अच्छा. नहीं निकला तो इसमें आमलेट बनेगा." हा गृहस्थ १८४८ साली कॅलिफोर्नियात असायला हवा होता. त्या वर्षीच्या जानेवारीत जेम्स मार्शलला एका लाकडाच्या वखारीपाशी पाण्यात सोने दिसले. मागोमाग काही लाख माणसे तिकडे धावली. ज्याला पहिल्यांदा दिसले तो मार्शल कफल्लक अवस्थेत मेला. सॅम्युअल ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने मात्र नदीत पाय न बुडवता फावडी आणि पराती विकल्या आणि तो गबर झाला.

तवा न घेता मी जवळच्या सराफाकडे गेलो. सोन्याचे काम करणाऱ्याला सोन्याची परात ठाऊक असणारच, असा माझा तर्क.

"सोन्यासाठी पॅन कुठं मिळेल हो?"

सराफाने माझ्याकडे चपलांपासून टोपीपर्यंत बघितले. "दोन लाखांच्या आत खरेदी असेल तर पॅन लागत नाही, काका," तो दिलासा देत म्हणाला.

दुकानाच्या पायरीपाशी एक बाई मऊ ब्रशाने धूळ गोळा करून पत्र्याच्या डब्यात भरत होती. नगरपालिकेचे लोक हल्ली किती बारकाईने झाडतात, असे मनात म्हणत मी तिला ओलांडून गेलो.

शेवटी परात घरचीच घेतली. आमच्या घरात ती कणीक मळायची परात म्हणून ओळखली जाते आणि तिला दुसरे कुठलेही काम सांगायची कुणाची छाती नाही. ही दुपारी भजनी मंडळात गेल्यावर मी परात वर्तमानपत्रात गुंडाळली, नातीला आइस्क्रीम देऊन तोंड बंद ठेवायला सांगितले आणि रिक्षाने नदीवर गेलो.

तो अमेरिकन गृहस्थ बसला होता तिथे मैलोगणती चिटपाखरू नव्हते. मी बदलापूर पश्चिमेला त्यातल्या त्यात निर्जन जागा निवडली. तिथे चार म्हशी, एक रिक्षा धुणारा, गळ टाकून बसलेले दोघे, पोहायला आलेली सहा पोरे आणि जलपर्णीत अडकलेला चेंडू काढणारा सातवा, एवढेच होते. मी पँट दुमडून पाण्यात शिरलो, परातीत वाळू घेतली आणि गोल गोल फिरवू लागलो.

तीन मिनिटांत पहिला पोरगा आला. "काय हरवलं, काका?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? 'काही नाही, सोने शोधतोय' असे बदलापुरात चारचौघांत म्हणणे म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलाला पुण्याहून बोलावून घेण्यासारखे. माझ्या तोंडून निघून गेले, "अंगठी."

कोकणी असो, घाटी असो, सिंधी असो, दुसऱ्याचे काहीतरी हरवले म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस हातातले काम टाकून येतो. रिक्षावाल्याने रिक्षा अर्धी साबणात सोडली. गळवाल्यांनी गळ दगडाखाली दाबले. सहाही पोरे बुड्या मारू लागली. काठावर येणारे-जाणारे थांबून 'इकडे बघा, प्रवाह तिकडून इकडे येतो' अशा सूचना देऊ लागले. एका आजींनी हरवलेली वस्तू सापडावी म्हणून पदराला गाठ मारली. हे सारे माझ्या बोटात कधीही नसलेल्या अंगठीसाठी चालले होते. मला नदीने पोटात घेतले तर बरे, असे वाटू लागले.

"किती ग्रॅमची होती, काका?" रिक्षावाल्याने विचारले.

डोक्यात गेले आठ दिवस एकच आकडा घोळत होता. "साडेसेहेचाळीस."

नदीकाठी शांतता पसरली. "अंगठी का घोड्याचा नाल?" गळवाल्यांपैकी एक म्हणाला.

तेवढ्यात काठावरच्या एका गृहस्थांना वेगळीच शंका आली. त्यांनी परातीकडे बोट दाखवून मला नदीतली वाळू काढायला परवानगी लागते, तहसीलदार गाडी जप्त करतो, असे सुनावले. माझ्याकडे गाडी नव्हती. परात जप्त झाली असती तर मात्र घरी जाण्यापेक्षा मी तुरुंगात गेलो असतो. परातीत उरलेली चमचाभर वाळू रुमालात बांधून मी तिथून निघालो. मागे बराच वेळ पोरे बुड्या मारत होती. मी गेल्यावर अंगठी सापडली तर ती त्यांचीच होणार होती.

पण वाचकहो, खरे सांगतो, त्या चमचाभर वाळूत सोनेरी कण होते! काळ्या रेतीत लखलखणारे चांगले सात-आठ कण. मी घरी न जाता तसाच शेजारच्या प्राध्यापकांकडे गेलो. ते भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत आणि पाण्याच्या टाकीच्या प्रकरणात माझ्याशी बोलणे न टाकलेल्या मोजक्या लोकांपैकी आहेत.

त्यांनी बशीत पाणी घेऊन वाळू सोडली. माझे सोनेरी कण टुणकन वर येऊन तरंगू लागले.

"सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड असतं," ते म्हणाले. "साधी वाळू अडीच पटींच्या थोडी वर. म्हणून तर परात फिरवली की वाळू वाहून जाते आणि सोनं तळाला राहतं. तुमचं सोनं पोहतंय."

"म्हणजे?"

"चमकी आहे. गणपती विसर्जनातली."

मग त्यांनी फ्रिजवर चिकटवलेला लोहचुंबकाचा गणपती काढून बशीत फिरवला. काळी रेती केसाळ सुरवंटासारखी त्याच्या पोटाला चिकटली. ती लोखंडाची रेती, मॅग्नेटाइट. आमच्याकडचे सगळे डोंगर लाव्हाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून थरावर थर साठले, तो हा काळा पत्थर. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० साली याच काळ्या दगडात उभे राहिले. सोन्याच्या शिरा असतात त्या याच्यापेक्षा कितीतरी जुन्या खडकांत. कर्नाटकात कोलार, जिथली खाण २००१ साली बंद पडली, आणि हट्टी, जिथली अजून चालू आहे. आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूच्या जुन्या खडकांत थोड्या खुणा. भंडारा-बालाघाट भागात नदीची वाळू धुऊन कण काढणारे सोनझारी पिढ्यान्‌पिढ्या होते. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी आजही लोक तेच करतात आणि दिवसभर खपून जेमतेम पोटापुरते मिळवतात. त्यांना ती हौस नाही.

"बदलापुरात सोनं शोधणं म्हणजे मिसळीत श्रीखंड शोधणं," प्राध्यापकांनी समारोप केला. "आणि समजा सापडलंच, तर १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं घबाड सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं."

"दहा रुपयांत तर कटिंग चहा येतो हो!"

"तोही जमिनीत सापडला तर कळवा," ते म्हणाले. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मात्र त्यांना दया आली असावी. "वाळू धुऊन सोनं निघतं हे बघायचंच असेल, तर सराफांच्या गल्लीत पहाटे जा. झारेकरी दिसतील. सोनं डोंगरातून येत नसेल, पण सोनारांच्या हातून सांडतं ना."

त्या रात्री पोळी खाताना माझ्या दाताखाली कच्च झाले. मग नातीच्या. मग हिच्या. ही घास थांबवून म्हणाली, "परात कुठं गेली होती?" आइस्क्रीमचा परिणाम उतरलेल्या नातीने सगळे सांगून टाकले. मला वाटले, आता उल्हास नदीला पूर येणार. २७ जुलै २०१९ ला हिच्याच पाण्याने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडवून धरली होती, हजाराच्या आसपास माणसे बोटींनी काढावी लागली. पण ही काही बोलली नाही. "सोनं कशाला हवं होतं?" एवढेच तिने विचारले. "सहज, हौस," मी म्हणालो. तिने माझ्याकडे एकदा बघितले आणि पोळ्या बाजूला ठेवून भात वाढला.

चार दिवसांनी मी पहाटेच्या लोकलने पुन्हा उल्हासनगरला गेलो. सराफांची दुकाने बंद होती आणि त्या दिवशी जिला ओलांडून गेलो होतो तीच बाई ब्रश आणि डबा घेऊन पायरीपायरीपाशी बसत होती. मी मावशी म्हणून हाक मारली आणि ती काय करते ते विचारले. कामात खंड न पाडता ती सांगत गेली. कानस मारताना, घासताना, पॉलिश करताना सोन्याचा कीस उडतो. तो कारागिराच्या कपड्यांत, केसांत, नखांत, चपलेच्या तळव्यात जातो. मोठे कारखानदार काही सोडत नाहीत. कारागीर हात धुतात ते पाणीसुद्धा साठवतात, जुन्या चटया जाळून राख धुतात, केर विकतात. तरी थोडे सांडतेच. ते पायरीवर, रस्त्यावर, गटारात जाते. तिथे हिचे राज्य.

गटाराच्या कडेला तिने घमेल्यात धूळ घेतली, पाणी घेतले आणि हलवू लागली. मी मोबाइलमध्ये शिकलेले ज्ञान पाजळले, "असं जोरात गोल फिरवायचं ना?"

"हिसका द्यायचा न्हाई, बाबा. पोरगं निजवल्यावानी हलवायचं. जे जड आसतं त्ये आपसूक खाली बसतं."

माती गेली, केस गेले, बिडीची थोटके गेली. शेवटी तळाला काळपट गाळ राहिला. तो ती घरी नेते. त्यात पारा घालतात. सोने पाऱ्याला धरून राहते, मग पारा जाळून उडवतात. त्या धुराने छाती भरते, हात थरथरायला लागतात, हे तिने जेवणात मीठ जास्त झाल्यासारखे सांगितले. गाळाच्या एका कोपऱ्यात तिने नखाने एक ठिपका दाखवला. या वेळी तो तरंगला नाही.

"गुंजभर तरी असेल?" मी विचारले.

"कुटली गुंज! गुंजंचा इसावा हिस्सा बी न्हाई." मग मान वर करून तिने विचारले, "तुमचं काय हरवलंय, बाबा?"

नदीवर सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि मी खोटे बोललो होतो. इथे ओळखीचे कुणी नव्हते.

"पाटल्या," मी म्हणालो. "बायकोच्या. चार तोळ्यांच्या."

"कवा पडल्या?"

"चौऱ्याऐंशी साली. पडल्या नाहीत. मी विकल्या."

ते साडेसेहेचाळीस ग्रॅम ते हे. जुन्या मापाचे चार तोळे. तेव्हा आम्ही परळला सासऱ्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठजण राहत होतो आणि बदलापूरला एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक मिळत होता. डिपॉझिटला पैसे कमी पडत होते. दहा ग्रॅमचा भाव दोन हजारांच्या आसपास होता. नऊएक हजार आले. हिने न सांगता पाटल्या काढून दिल्या आणि मी सराफाच्या दुकानाबाहेर सांगितले, 'पुढच्या दिवाळीला नव्या करून घालीन.' त्यानंतर एकेचाळीस दिवाळ्या झाल्या. एका दिवाळीला मुलाची फी आली, एकीला आईचे ऑपरेशन, एकीला गच्चीची गळती. पुढे पुढे दिवाळी आली की मी हिच्या मनगटाकडे बघायचे सोडून दिले. ज्या वर्षी त्या पाटल्यांची किंमत साडेचार लाखांच्या वर गेली, त्या वर्षी मी परात घेऊन नदीवर गेलो. पेन्शनीतून न जमणारी गोष्ट परातीतून जमेल, असा तो हिशेब.

बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग घमेले पुन्हा हलवू लागली. "सांडल्यालं गावतं, बाबा," ती म्हणाली. "इकल्यालं कसं गावंल? त्ये घरी जाऊन बघा."

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. माझे झारेकरणीने टोचले.

घरी आलो तेव्हा ही तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो. एकेचाळीस वर्षांत न काढलेला विषय कसा काढायचा, याचा विचार करत दोन खडे काढायला मदत केली. त्यातला एक तांदूळच निघाला.

"अगं, ते पाटल्यांचं..."

"हं."

"लक्षात आहे माझ्या. चार तोळ्यांच्या."

ही मान वर न करता म्हणाली, "चार तोळे दोन गुंजा."

"चारच लिहिलंय माझ्या वहीत."

"सराफानं दोन गुंजा घट धरली होती. तुम्ही पैसे मोजत होतात. आईनं करून घातल्या तेव्हा वजन झालं होतं माझ्यासमोर. चार तोळे दोन गुंजा." आणि सूप पाखडून कोंडा उडवत ती म्हणाली, "चार तोळ्यांचं मला काही नाही. ते या घरात आहेत. रोज झाडते मी ते. त्या दोन गुंजांचं मात्र वाईट वाटलं होतं तेव्हा."

दोन गुंजा म्हणजे पाव ग्रॅम. चार तोळ्यांची काळजी मी एकेचाळीस वर्षे वाहत होतो. या दोन गुंजा माझ्या हिशेबातून पहिल्याच दिवशी सांडल्या होत्या आणि मला पत्ताही नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्याच सराफाकडे गेलो आणि दोन गुंजा सोने मागितले. त्याने मला ओळखले. "पॅनवाले काका ना? गुंजांचं हल्ली कुणी मागत नाही. सगळ्यांत लहान नाणं अर्ध्या ग्रॅमचं आहे." अर्धा ग्रॅम म्हणजे चार गुंजा. मी जरा विचार केला आणि घेतले. पाच हजारांच्या वर गेले. पॅन लागला नाही. बाहेर येताना पायरीवर पाय देण्याआधी चप्पल नीट झटकली. झारेकरणीचा माल आपल्याबरोबर बदलापूरला जायला नको.

दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, सोसायटीतली मंडळी आपट्याची पाने घेऊन आली. टाकीच्या प्रकरणातल्या तीन बिऱ्हाडांनीही सोने दिले आणि आम्ही एकमेकांना सोन्यासारखे राहायला सांगितले. सगळे गेल्यावर मी हिच्या हातावर पान ठेवले आणि पानावर ते नाणे. चिमणीच्या डोळ्याएवढे. हिने चष्मा लावला, नाणे उजेडात धरले, हातावर जोखून पाहिले.

"अर्धा ग्रॅम," ती म्हणाली. माझ्या घरात तराजू आहे हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. "माझ्या दोनच गुंजा होत्या. या चार आहेत."

"दोन मुद्दल. दोन व्याज."

"एकेचाळीस वर्षांचं एवढंच?"

"बाकीचं पुढच्या दिवाळीला."

ही हसली. नाणे तिने आपट्याच्या पानात गुंडाळून देवघरात ठेवले. मग स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून नेहमीचा आवाज आला, "अहो, ती परात एकदा नीट घासून द्या. कडेला अजून काळी वाळू निघतेय."

मी परात घेऊन नळाखाली बसलो. पाणी घेतले आणि हिसका न देता, पोरगे निजवल्यासारखे हलवू लागलो. खाली काही राहिले नाही. परात मात्र स्वच्छ झाली.